बोटाची नोकरी

पूर्वीची यंत्रं सरळ स्वभावाची होती. खटका एकीकडे केला की चालू, दुसरीकडे केला की बंद. 'विचार करून कळवतो' हे उत्तर फक्त वरपक्षाकडून यायचं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्याच साली तिकडे कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी अटारी कंपनीच्या अ‍ॅल अल्कॉर्न या इंजिनियरने दुकानातून एक साधा हिताचीचा कृष्णधवल टीव्ही आणला, लाकडी खोक्यात बसवला आणि 'पाँग' हा चेंडूफळीचा खेळ अँडी कॅप्स नावाच्या गुत्त्यात नेऊन ठेवला. थोड्याच दिवसांत यंत्र बंद! अल्कॉर्न उघडून बघतो तर नाणी साठवायचं भांडं तुडुंब भरलेलं. असले बिघाड आमच्या नशिबी नाहीत.

पुढे १९७८ साली जपानच्या तायतोचं 'स्पेस इन्व्हेडर्स' आलं. पडदा कृष्णधवल, रंग वर लावलेल्या रंगीत पट्ट्यांचे. (आपल्याकडे टीव्हीपुढे निळा कागद लावून 'कलर' बघणारे होतेच की!) या खोक्यांतल्या मॉनिटरला स्वतःचं असं बटणच नसे. मुख्य खटका ओढला की आतलं सगळं एकदम जागं. मॉनिटरचं मत कोणी विचारीत नसे.

१९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 'मेम' काढलं आणि साध्या कॉम्प्युटरवर हे जुने खेळ चालू लागले. तेव्हापासून जगभर चांगली संसारी माणसं सुट्टीच्या दिवशी प्लायवूड कापत बसतात. आमचे चिरंजीवही त्यातलेच. राहायलाही नेमके सनीव्हेललाच. त्यांनी गॅरेजमध्ये माणूसभर उंचीचं कपाट बनवलं, आत कॉम्प्युटर आणि जुना सपाट मॉनिटर बसवला. नातवाच्या वाढदिवसाला खटका ओढला. कॉम्प्युटर गुरगुरला, दिवे लागले, भोंगा वाजला. पडदा मात्र काळाकुट्ट!

कारण असं की, आताच्या मॉनिटरचं बटण वीज जोडत नाही. ते आतल्या चिमुकल्या चिपकडे नुसता अर्ज करतं. काही मॉनिटर वीज गेली तरी 'आपण चालू होतो' हे लक्षात ठेवतात. आमचा विसरभोळा. आणि बटण तर लाकडी चौकटीच्या मागे गेलेलं.

"बाबा, तुमचा हात बारीक आहे ना?" चिरंजीव म्हणाले.

झालं! मी मागच्या फटीतून हात घातला, चाचपडलं, दाबलं, आणि पडदा उजळला. टाळ्या पडल्या. पेन्शनीत निघाल्यापासून माझ्या कर्तृत्वाला पडलेल्या या पहिल्याच टाळ्या. पुढचे तीन आठवडे शाळा सुटली की "आजोबा, बोट!" अशी हाक यायची आणि मी चहा टाकून धावायचो. सूनबाईंनी तर तेवढ्या वेळेचा चहाच बंद केला.

पण चिरंजीव इंजिनियर पडले. आधी चिकटपट्टीने बटण कायमचं दाबून पाहिलं. काही मॉनिटर याला फसतात म्हणे. आमचा फसला नाही. मग त्यांनी बटणाच्या दोन तारांना समांतर एक कपॅसिटर डाखवला. वीज येते तेव्हा कपॅसिटर रिकामा असतो. तो भरेपर्यंत त्या तारा जोडल्यासारख्याच. चिपला वाटतं, कोणीतरी बटण दाबलं. कपॅसिटर भरला की 'बोट' आपोआप उचललं जातं. चार आण्यांचा डाळीएवढा जिन्नस, पण माझी जागा खालसा झाली. त्या संध्याकाळी चहा निवांत मिळाला. मला काही तो लागला नाही.

परवा मात्र नातवाने घाईत खटका बंद करून लगेच चालू केला. कपॅसिटरला रिकामं व्हायला वेळच मिळाला नाही. पडदा काळा.

"आजोबा, बोट!"

चिरंजीव म्हणाले, "शेजारी एक रेझिस्टर जोडला, की हाही दोष जाईल. रविवारी बघतो."

"एवढी घाई काय आहे?" मी फटीत हात घालता घालता म्हणालो.