अमेरिकेच्या राज्यघटनेने टाळलेला शब्द

१/ अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली. त्या वेळी त्या देशात लाखो माणसे गुलामीत होती. तरीही मूळ घटनेत 'गुलाम' अथवा 'गुलामगिरी' हा शब्द एकदाही आढळत नाही. हा अनवधानाने राहिलेला शब्द नव्हे. तो जाणीवपूर्वक टाळला गेला. तो का टाळला गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याविषयी हा दीर्घ थ्रेड.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १७८३ च्या पॅरिस तहाने ब्रिटनने तेरा राज्यांचे स्वातंत्र्य मान्य केले. परंतु त्यांना एकत्र बांधणारा करारनामा दुबळा होता. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा ही व्यवस्था टिकणार नाही, हे अनेकांना पटले.

३/ मे १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे परिषद भरली. त्या उन्हाळ्यात बारा राज्यांचे एकूण ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले. ऱ्होड आयलंडने कोणालाही पाठवले नाही. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. कामकाज पूर्णतः गुप्त होते. आपल्याला आतली चर्चा कळते ती प्रामुख्याने जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांमुळे, आणि तीही त्यांच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली.

४/ पहिला पेच प्रतिनिधित्वाचा. मोठ्या राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्या होत्या, तर लहान राज्यांना समान जागा. १६ जुलै रोजी तोडगा निघाला: प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मत. हा ठराव ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी, म्हणजे केवळ एका मताने संमत झाला.

५/ पण लोकसंख्या मोजायची म्हणजे कोणाची? इथे एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. गुलामांची मोजणी पूर्ण व्हावी, असा आग्रह गुलामांच्या मालकांचा होता! ती मुळीच होऊ नये, असे विरोधक म्हणत होते. कारण मतदानाचा हक्क गुलामांना कोणत्याही परिस्थितीत मिळणार नव्हता. त्यांच्या संख्येवर जागा मात्र मालकांच्या राज्याला मिळणार होत्या.

६/ पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर मॉरिस ('गव्हर्नर' हे त्यांचे नाव, पद नव्हे) यांनी ८ ऑगस्टला या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. गुलाम माणसे असतील, तर त्यांना नागरिक करा आणि मत द्या. ती मालमत्ता असेल, तर इतर कोणतीही मालमत्ता प्रतिनिधित्वासाठी का मोजली जात नाही? या प्रश्नाला उत्तर नव्हते. तरीही तीन-पंचमांशाचे सूत्र कायम राहिले: प्रतिनिधित्व आणि प्रत्यक्ष कर या दोहोंसाठी पाच गुलामांमागे तीन व्यक्ती धरायच्या.

७/ या सूत्राचा परिणाम आकड्यांत पाहू. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनिया यांची स्वतंत्र लोकसंख्या जवळपास सारखी, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास होती. परंतु व्हर्जिनियात त्याखेरीज सुमारे २ लाख ९२ हजार गुलाम होते. नव्या वाटपात पेनसिल्व्हेनियाला १३ जागा मिळाल्या, व्हर्जिनियाला १९.

८/ दुसरी तडजोड गुलामांच्या व्यापाराची. दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांनी बजावले की, व्यापारावर बंदी येणार असेल तर आम्ही या संघात येणार नाही. समितीने १८०० पर्यंत बंदी घालू नये असे सुचवले. दक्षिण कॅरोलायनाच्या पिंकनी यांनी ती मुदत १८०८ पर्यंत वाढवण्याची सूचना मांडली, आणि तिला अनुमोदन दिले उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीने.

९/ उत्तरेने असे का करावे? कारण न्यू इंग्लंडच्या जहाजमालकांना व्यापारविषयक कायदे साध्या बहुमताने व्हायला हवे होते, आणि दक्षिणेला त्यासाठी दोन-तृतीयांश बहुमताची अट हवी होती. सौदा जुळला. २५ ऑगस्टला वीस वर्षांची मुदत ७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाली. विरोधात मत देणाऱ्यांत व्हर्जिनिया होते, आणि गुलामांच्या व्यापाराचा कडाडून निषेध करणारे व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन स्वतः अनेक गुलामांचे मालक होते.

१०/ तिसरे कलम पळून गेलेल्या गुलामांविषयीचे. गुलाम दुसऱ्या राज्यात पळाला तरी तो स्वतंत्र होणार नाही, त्याला परत सोपवावे लागेल. ऑगस्टच्या अखेरीस ही तरतूद विरोधाविना मान्य झाली.

११/ आता शब्दांकडे पाहू. तीन-पंचमांशाच्या कलमात उल्लेख आहे 'इतर सर्व व्यक्तीं'चा. व्यापाराच्या कलमात राज्यांना योग्य वाटणाऱ्या 'अशा व्यक्तीं'चा. पळून जाणाऱ्यांच्या कलमात 'सेवेस अथवा श्रमास बांधलेल्या व्यक्ती'चा. माणसे ही मालमत्ता असू शकतात, ही कल्पना घटनेत मान्य करणे चुकीचे ठरेल, असे मॅडिसन यांनी २५ ऑगस्टच्या चर्चेत म्हटले. व्यवहार मान्य होता, त्याचे नाव नव्हे.

१२/ या तडजोडींचे समर्थन असे केले जाते की, त्यांच्याविना संघराज्यच उभे राहिले नसते. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु एक भेद लक्षात घ्यावा लागतो. लहान व मोठ्या राज्यांच्या तडजोडीत दोन्ही पक्ष सभागृहात होते आणि दोघांनीही काही सोडले. गुलामगिरीच्या तडजोडीत किंमत मोजणारा पक्ष त्या दालनात नव्हताच.

१३/ परिणाम दूरगामी झाले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांनी ॲडम्स यांना ७३ विरुद्ध ६५ मतांनी हरवले. गुलामांच्या मोजणीमुळे मिळालेली मते वगळली, तर निकाल उलटला असता, असे अनेक इतिहासकार मानतात. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्षपद व्हर्जिनियाकडे राहिले. १८०८ मध्ये आयात कायद्याने थांबली, पण १८६० पर्यंत गुलामांची संख्या सुमारे ४० लाखांवर गेली.

१४/ टाळलेल्या शब्दाने मात्र एक अनपेक्षित वाट मोकळी ठेवली. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस प्रारंभी घटनेला गुलामगिरीचा दस्तऐवज मानत. १८५१ मध्ये त्यांनी मत बदलले: ज्या घटनेत गुलामाचे नावच नाही, ती गुलामगिरीच्या विरोधात वाचता येते. लिंकन यांनीही पुढे या मौनाचाच आधार घेतला.

१५/ अखेर सहा लाखांहून अधिक सैनिकांचे प्राण घेणाऱ्या यादवी युद्धानंतर, १८६५ मध्ये तेरावी दुरुस्ती झाली. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत प्रथम आला, तो तिच्या समाप्तीसाठी. गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद तेव्हाही ठेवला गेला, हेही विसरू नये.

१६/ आणि इथे ही कथा पुण्याला येऊन मिळते. १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ग्रंथ अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ज्यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी त्याग केला. फिलाडेल्फियाच्या विद्वानांनी जो शब्द ८६ वर्षांपूर्वी टाळला, तोच जोतीरावांनी ग्रंथाचे शीर्षक म्हणून छापला: 'गुलामगिरी'.

१७/ डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये शूद्रांच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. ते मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या भारतीय राज्यघटनेचे १७ वे कलम 'अस्पृश्यता' हा शब्द उघडपणे उच्चारते आणि ती नष्ट करते. तडजोडी आपल्याही घटनेत आहेत. पण या अन्यायाला तिने त्याच्या नावाने हाक मारली.

१८/ नाव घेतल्याने अन्याय संपत नाही. आपला अनुभव तेच सांगतो. मात्र नाव टाळल्याने तो कागदोपत्री सभ्य होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून कोणतीही घटना वाचताना दोन प्रश्न विचारावेत: हा करार झाला तेव्हा दालनात कोण नव्हते? आणि कोणता शब्द लिहिण्याची लाज वाटली?