दुर्बीण-हार्नेस

दुर्बीण-हार्नेस : दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण (द्विनेत्री) अंगावर बाळगण्यासाठी वापरला जाणारा पट्ट्यांचा संच. हे पट्टे खांद्यांवरून व काखांखालून जातात आणि पाठीवर एकमेकांना छेदतात. गळ्यातल्या साध्या पट्ट्याने सगळे वजन मानेवर येते. हार्नेसमध्ये ते खांदे व पाठीचा वरचा भाग यांत वाटले जाते आणि दुर्बीण छातीशी लागून राहते. पक्षिनिरीक्षक, वनरक्षक, डोंगरभटके आणि जेथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे तेथील शिकारी तो वापरतात. गिर्यारोहणात कमरेला बांधतात तो हार्नेस सर्वस्वी वेगळा. त्याचा येथे विचार केलेला नाही.

भार : खिशात मावणारी ८×२५ दुर्बीण साधारण ३०० ते ३५० ग्रॅम भरते, ८×३२ सुमारे ४५० ते ६०० ग्रॅम, तर पक्षिनिरीक्षकांच्या विशेष पसंतीची ८×४२ सुमारे ६०० ते ८५० ग्रॅम. जहाजावर वापरायच्या ७×५० जातीच्या दुर्बिणी किलोच्याही पुढे जातात. (पहिला आकडा विशालनाचा, दुसरा वस्तुभिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा.) आकडे किरकोळ वाटतात, पण गळपट्टा हे वजन मानेच्या तळाशी, सातव्या मणक्याच्या उंचवट्याजवळच्या अरुंद पट्टीवर टाकतो. शेंड्यावरचे वटवटे किंवा निखार पाहताना मान आधीच मागे झुकलेली असते. त्यात हा भार मिळाला की तासा-दोन तासांत मान भरून येते. चालताना दुर्बीण लंबकासारखी झुलते आणि वाकले की समोरच्या खडकावर आपटते, ही गळपट्ट्याची दुसरी खोड.

निओप्रीनच्या रुंद गळपट्ट्याने दाब पसरतो, त्यामुळे तो टोचत नाही. मानेवरचे वजन मात्र त्याने एका ग्रॅमनेही कमी होत नाही. आरामाचा प्रश्न पट्ट्याच्या रुंदीचा कमी आणि भार कोठे टेकतो याचा अधिक आहे. ८×३२ पेक्षा जड दुर्बीण अर्धा दिवस वागवणाऱ्याने गळपट्ट्याचा नाद सोडावा.

रचना व प्रकार : पाठीवर, खांद्याच्या दोन्ही फऱ्यांमध्ये, पट्टे जेथे छेदतात तेथे चामड्याचा किंवा कृत्रिम चामड्याचा तुकडा असतो. तेथून निघालेले दोन पट्टे खांद्यांवरून व दोन काखांखालून पुढे येतात आणि छातीच्या दोन्ही बाजूंना दुर्बिणीच्या खाचांशी जोडले जातात. दुर्बीण छातीवरून डोळ्यांपर्यंत, म्हणजे साधारण दीड वीत, उचलावी लागते. हे अंतर कसे मिळते यावरून दोन मुख्य प्रकार पडतात. पहिल्यात पट्टे इलॅस्टिकचे असतात व दुर्बीण उचलताना ताणले जातात. दुसऱ्यात पट्टे ताणले जात नाहीत. दुर्बिणीला लावलेल्या कड्या पट्ट्यावरून सरकतात.

यांतला सरस कोणता याबद्दल वापरणाऱ्यांत एकमत नाही. इलॅस्टिकचा हार्नेस अंगाशी चपखल बसतो, पण फार मऊ असला तर चालताना दुर्बीण उसळते आणि फार कडक असला तर डोळ्याला लावलेली दुर्बीण सतत खाली ओढली जाते. हात थरथरू लागतात ते बऱ्याचदा या ओढीमुळे. रबराचे तंतू घाम व ऊन यांनी कालांतराने सैलावतात. सरकत्या पट्ट्यात ही ओढ नसते आणि तो बारीकही करता येतो, मात्र कड्या गुळगुळीत नसतील तर तो अडकतो. सह्याद्रीतल्या दमट हवेत पायी हिंडणाऱ्यास सरकता, बारीक पट्ट्याचा हार्नेस अधिक सोयीचा पडतो.

तिसरा प्रकार छातीवर बांधायच्या बंद पिशवीचा. तो उत्तर अमेरिकेतील शिकाऱ्यांत रूढ आहे. धूळ व पावसापासून संरक्षण चांगले मिळते, पण छाती झाकल्याने उकडते आणि झाकण उघडेपर्यंत पक्षी उडून जातो. काही पिशव्यांच्या झाकणाला चुंबक असतात. त्यांच्याजवळ धरलेले होकायंत्र चुकीची दिशा दाखवते.

एका खांद्यावरून तिरका टाकायचा पट्टाही वापरतात.

निवड : हार्नेस नेहमी आपली दुर्बीण लावून, आपण रानात घालतो त्या कपड्यांवर आणि शक्य तर पाठीवर सॅक घेऊन पाहावा. दुकानात नुसत्या सदऱ्यावर ठीक वाटणारा हार्नेस सॅकच्या पट्ट्यांखाली गेला की त्याची बकल नेमकी गळ्याच्या हाडावर दाबली जाते. आधी हार्नेस आणि त्यावर सॅक हा क्रम ठेवावा. उलट केल्यास सॅक उतरवताना प्रत्येक वेळी हार्नेसही काढावा लागतो. सॅकच्या छातीपट्ट्याला आणि दुर्बिणीला एकच जागा लागते, तेव्हा छातीपट्टा वर सरकवून दुर्बीण त्याखाली घ्यावी.

दुर्बीण उरोस्थीच्या खालच्या निम्म्या भागावर टेकली पाहिजे. पोटापर्यंत लोंबली तर चढणीवर गुडघा लागतो, फार वर असली तर नेत्रिका हनुवटीला लागतात. दोन्ही हात वर नेऊन, खाली वाकून आणि मान वळवून पाहावे. पाठीवरचा तुकडा मानेकडे सरकत असेल तर काखेखालचे पट्टे आवळावेत. त्याने भागत नसेल तर तो हार्नेस आपल्या मापाचा नाही.

दुर्बीण चटकन सोडवता येईल अशा बकला असणे ही चैन नव्हे. भिगवणच्या पाणथळीवर किंवा चोडण बेटावरच्या सालिम अली पक्षी अभयारण्यात एकच दुर्बीण चौघांत फिरते. बकला नसतील तर देणाऱ्याला दरवेळी अर्धा हार्नेस अंगावरून उतरवावा लागतो. प्रत्येक बकल मात्र निसटण्याची एक जागा असते, म्हणून ती ओढून पाहून घ्यावी. नावेत बसताना काहीजण हार्नेसऐवजी पाण्यावर तरंगणारा फुगीर पट्टा लावतात.

कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात चामड्याच्या तुकड्याला बुरशी येते, निओप्रीन घामाने भिजून राहते. नायलॉनचे पट्टे लवकर सुकतात. ओला हार्नेस दुर्बिणीसकट बॅगेत कोंबल्यास तीच ओल भिंगांवर बुरशी धरायला पुरते. घरी आल्यावर तो सोडवून वेगळा वाळवावा. नेत्रिकांवरचे पर्जन्यझाकण हार्नेसच्या एकाच बाजूच्या पट्ट्यात ओवले तर दुर्बीण उचलताना ते आपोआप बाजूला पडते. दोन्ही बाजूंनी ओवल्यास डोळ्यांसमोर लुडबुडते.

पट्टा ओवणे : दुर्बीण पडते ती बहुधा हार्नेस तुटल्याने नव्हे, तर टोक नीट न ओवल्याने. पट्ट्याचे टोक आधी पकडपट्टीतून (सुटे टोक धरून ठेवणाऱ्या सरकत्या कडीतून) व बकलमधून काढावे. मग ते दुर्बिणीच्या खाचेतून बाहेरून आत घेऊन परत वर वळवावे आणि पुन्हा बकलच्या दोन्ही खाचांतून न्यावे. उरलेले टोक पट्ट्याच्या आतल्या बाजूस, पकडपट्टीखाली दाबावे. ते किमान पाच-सहा सेंमी. असावे, नायलॉन गुळगुळीत असल्याने आखूड टोक हळूहळू निसटते. ओवून झाल्यावर गादीवर धरून जोराने हिसका द्यावा. नव्या हार्नेसचे टोक पहिल्या काही दिवसांत थोडे सरकून मग बसते, म्हणून पुन्हा तपासावे. खाचेच्या धातूशी पट्टा घासतो तेथे धागे विसकटू लागले की पट्टा बदलावा. जुन्या दुर्बिणींच्या खाचा अरुंद असतात. त्यांत सेंटिमीटरभर रुंदीचा पट्टा जात नाही, तेव्हा मध्ये छोटी कडी किंवा मजबूत दोरीचा फासा घालावा लागतो. उलट, काही आधुनिक दुर्बिणींना खाचाच नसून कंपनीचे खास जोड असतात. स्वारोव्हस्की कंपनीने अशी पद्धत २०१५ मध्ये आणली. अशा दुर्बिणीसाठी जोड जुळतो का, हे हार्नेस घेण्यापूर्वी पाहावे.

इतिहास : कार्ल झाइस कंपनीने १८९४ मध्ये लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. त्यानंतरच्या लष्करी दुर्बिणींच्या गळपट्ट्याला चामड्याची एक जीभ असे. तिच्या भोकात कोटाचे बटण अडकवून दुर्बिणीचे झुलणे थांबवत. छातीशी दुर्बीण बांधून ठेवण्याची ही जुनी युक्ती होय. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या छायाचित्रांत दुर्बीण गळ्यातल्या साध्या पट्ट्यावर दिसते.

स्त्रियांसाठी : छातीवर आडवा पट्टा असलेल्या प्रकारांपेक्षा पट्टे बाजूने जाणारे प्रकार सोयीचे.

किंमत : साध्या इलॅस्टिकच्या हार्नेसपेक्षा बंद पिशवीचा महाग असतो. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून इलॅस्टिक, चामडे व बकला देऊनही हार्नेस बनवून घेता येतो.

आकाशनिरीक्षण : १०×५० दुर्बिणीसाठी हार्नेसचा उपयोग मुख्यतः ती अंधारात हातून पडू नये एवढाच, डोक्यावरचे आकाश पाहताना सतरंजीवर उताणे पडणे हाच खरा आराम. १५×७० व त्यापुढच्या दुर्बिणी हातात स्थिर राहत नाहीत आणि त्या तिपाईवरच लावतात, त्यामुळे त्यांना हार्नेस घेऊ नये.