लाईट गेल्याचं सर्व्हरला कोण सांगणार? यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागात वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत लाईट यायला कित्येक तास लागले. कोरोनाचा काळ असल्यामुळे अनेक ऑफिसांत माणसंही कमीच होती.

अशा वेळी ऑफिसच्या कोपऱ्यातला यूपीएस टी-टी वाजायला लागतो. कुणी हजर असेल तर तो पळत जाऊन सर्व्हर नीट बंद करतो. पण ऑफिस रिकामं असेल किंवा रात्रीचे तीन वाजले असतील तर? बॅटरी संपेपर्यंत यूपीएस वाजत राहतो आणि मग सर्व्हर धाडकन बंद पडतो.

थोडक्यात, यूपीएस फक्त वेळ देतो. त्या वेळात काय करायचं, हे सर्व्हरला सांगायला एक सॉफ्टवेअर लागतं. ते नसेल, तर यूपीएस असूनही अपघात टळत नाही, फक्त थोडा उशिरा होतो.

व्हर्च्युअलायझेशन होस्ट म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळा कॉम्प्युटर लागायचा. हिशेबाला एक, फाइल ठेवायला एक, वेबसाइटला एक. आता एकाच दणकट मशीनवर असे अनेक 'आभासी' कॉम्प्युटर चालवता येतात. वाडा एक आणि त्यात पाच-सहा बिऱ्हाडं, असं समजा. वाडा म्हणजे होस्ट. बिऱ्हाडं म्हणजे गेस्ट, अर्थात व्हर्च्युअल मशीन. प्रॉक्समॉक्स व्हीई, व्हीएमवेअर ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्ट हायपर-व्ही ही असे वाडे उभारणारी प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहेत.

यात खर्च वाचतो, पण धोका एकाच जागी गोळा होतो. होस्टची वीज गेली, की सगळे गेस्ट एकाच क्षणी मरतात.

अचानक बंद झालं तर बिघडतं काय?

कॉम्प्युटर प्रत्येक गोष्ट लगेच डिस्कवर लिहीत नाही. बरीचशी माहिती आधी मेमरीत साठते आणि मग डिस्कवर जाते. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं. डेटाबेस एखादी नोंद लिहीत असेल, तर ती अर्धवट राहू शकते. आजच्या फाइल सिस्टिम आणि डेटाबेस यातून बऱ्याचदा सावरतात, पण दर वेळी सावरतीलच असं नाही. एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट किंवा दुकानाची दिवसभराची बिलं त्यात असतील, तर 'बऱ्याचदा' हा शब्द पुरेसा नाही.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

यूपीएसला मागच्या बाजूला यूएसबी किंवा नेटवर्कचं डेटा पोर्ट असेल, तर तो सर्व्हरशी 'बोलू' शकतो. मी लाईटवर आहे की बॅटरीवर, बॅटरी किती टक्के उरली, हे तो सांगतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरना ही सोय नसते. त्यामुळे यूपीएस घेताना व्हीए किती, यासोबत डेटा पोर्ट आहे का, हेही विचारायला हवं.

हे बोलणं समजून घेणारी दोन मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर खूप वापरली जातात. एक 'एपीसीयूपीएसडी', जे मुख्यतः एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी आहे. दुसरं 'नेटवर्क यूपीएस टूल्स', म्हणजेच 'नट'. ते अनेक कंपन्यांच्या यूपीएसवर चालतं.

नटचे तीन भाग असतात.

• ड्रायव्हर: यूपीएसशी त्याच्या भाषेत बोलतो.
• यूपीएसडी: ही माहिती नेटवर्कवरच्या इतर मशीनना देतो. त्याचा पोर्ट ३४९३.
• यूपीएसमॉन: माहितीवर नजर ठेवतो आणि वेळ आली की मशीन बंद करायचा आदेश देतो.

यूपीएसची अवस्था छोट्या खुणांनी कळते. 'ओएल' म्हणजे लाईट आहे, 'ओबी' म्हणजे बॅटरीवर चालू, 'एलबी' म्हणजे बॅटरी संपत आली. सर्वसाधारणपणे ओबी आणि एलबी एकत्र दिसले, की यूपीएसमॉन शटडाऊन सुरू करतो.

होस्टवर बसवायचं की गेस्टमध्ये?

नवख्यांची गडबड बहुतेक वेळा इथेच होते. गेस्टमध्ये बसवलं तर तो गेस्ट स्वतः नीट बंद होईल, पण होस्ट आणि बाकीचे गेस्ट चालूच राहतील. म्हणून शक्य असेल तिथे हे सॉफ्टवेअर होस्टवरच हवं. होस्ट बंद व्हायला लागला, की तोच आपल्या गेस्टना आधी बंद करतो.

प्रॉक्समॉक्समध्ये हे सोपं आहे, कारण त्याच्या मुळाशी डेबियन लिनक्स आहे. नट नेहमीच्या पॅकेजसारखं बसतं. फक्त एक लक्षात ठेवा. बसवल्यावर त्याचा मोड 'नन' असतो, म्हणजे ते कामाला लागलेलं नसतं. एकच होस्ट असेल तर 'स्टँडअलोन' निवडायचं. एका यूपीएसवर अनेक मशीन असतील, तर केबल जोडलेल्या मशीनवर 'नेटसर्व्हर' आणि बाकीच्यांवर 'नेटक्लायंट'.

ईएसएक्सआय हे साधं लिनक्स नाही, त्यामुळे तिथे असं पॅकेज बसवता येत नाही. बरेच जण नेटवर्क कार्ड असलेला यूपीएस घेतात आणि कंपनीचं सॉफ्टवेअर एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवतात. ते मशीन होस्टला बंद व्हायचा आदेश देतं. हायपर-व्हीचा होस्ट विंडोज सर्व्हर असेल, तर यूपीएस कंपनीचं विंडोज सॉफ्टवेअर थेट होस्टवर बसवता येतं.

वेळेचं गणित

प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला बंद व्हायला मुळात १८० सेकंद देतो. तेवढ्यात ती बंद झाली नाही, तर जबरदस्तीने बंद करतो. मशीनना क्रम दिला असेल, तर चालू होण्याच्या उलट क्रमाने त्या बंद होतात. म्हणजे डेटाबेस आधी चालू होत असेल, तर तो शेवटी बंद होतो. हे योग्यच आहे.

आता समजा, असे दोन टप्पे आहेत आणि दोन्हींत एखादी मशीन अडून बसली. ३ आणि ३ मिळून ६ मिनिटं गेली. त्यानंतर होस्ट बंद व्हायचा आहे. एपीसीयूपीएसडीची मूळ सेटिंग मात्र बॅटरी ५ टक्के किंवा ३ मिनिटं उरल्यावर शटडाऊन सुरू करण्याची आहे. ३ मिनिटांत ६ मिनिटांचं काम होणार कसं?

उपाय सोपा आहे. सुरुवात लवकर करायची. 'लाईट जाऊन ५ मिनिटं झाली की बंद करायला घ्या' अशी वेळ दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते. बॅटरी जुनी असेल, तर तिने सांगितलेल्या टक्क्यांपेक्षा घड्याळावर विसंबणं बरं. यूपीएसमधल्या लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण ३ ते ५ वर्षं टिकतात आणि उष्णतेत त्याआधीच दमतात.

या चार गोष्टी विसरू नका

• राउटर आणि स्विच: अनेक मशीनना नेटवर्कवरून निरोप द्यायचा असेल, तर हेही यूपीएसवर हवेत.
• परत चालू होणं: बायोसमध्ये 'वीज आली की सुरू हो' ही सेटिंग करावी लागते. पण शटडाऊन सुरू झाल्यावर मध्येच लाईट आली, तर सर्व्हरला वीज गेल्याचं कळतच नाही आणि तो बंदच राहतो. म्हणून शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगायची सोय नटमध्ये आहे. लाईट आली की यूपीएस पुन्हा पुरवठा सुरू करतो. एकाच यूपीएसवर दुसरं मशीन असेल, तर तेही तोवर बंद झालेलं हवं.
• गेस्ट एजंट: काही गेस्ट शटडाऊनचा साधा इशारा ऐकत नाहीत. प्रॉक्समॉक्समध्ये त्यासाठी क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवतात.
• पासवर्ड: यूपीएसडीचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका.

चाचणी घेतली का?

सगळं बसवून झालं तरी काम संपत नाही. आधी बॅकअप घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या आणि सुट्टीच्या दिवशी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. घड्याळ लावून बसा. शटडाऊन कधी सुरू झाला, शेवटची मशीन कधी बंद झाली, तेव्हा बॅटरी किती उरली होती, हे लिहून ठेवा. मग प्लग पुन्हा लावा आणि सगळं आपोआप उभं राहतं का, ते पाहा.

ही चाचणी दर सहा महिन्यांनी आणि एखादी नवी व्हर्च्युअल मशीन वाढवली की पुन्हा घ्यावी. मशीन वाढली की लोड वाढतो आणि बॅटरीची मिनिटं कमी होतात. पहिला पाऊस सुरू व्हायच्या आत एक चाचणी उरकली, तर आणखी चांगलं.