जागली, काटी आणि झटका

वऱ्हाडात संध्याकाळी घोंगडी आणि बॅटरी घेऊन निघालेल्या माणसाला "कुठं चालले?" असं विचारलं, तर उत्तर एका शब्दात येतं... "जागलीला." जागली म्हणजे रात्रभर शेतात बसून पीक राखणं. जुन्या गावगाड्यात गावाची राखण करणारा जागल्या असायचा. तो गेला, शब्द मात्र शेतात शिल्लक राहिला.

कामरगाव कारंजा तालुक्यातलं. 1998 मध्ये वाशीम जिल्हा झाला, त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो. काळवीटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य याच तालुक्यात. काळवीट, रोही आणि रानडुकरं यांना अभयारण्याची हद्द कुठं संपते ते ठाऊक नसतं. उंच ज्वारीच्या जागी बुटकं, कोवळं सोयाबीन आलं आणि त्यांची तर चंगळच झाली.

पूर्वी धुऱ्यावर बोरी-बाभळीची काटी टाकत. ती दरवर्षी नव्याने टाकावी लागे. काटेरी तार 1874 मध्ये अमेरिकेत जोसेफ ग्लिडनने पेटंट केली आणि पुढे जगभर गेली. पण रोही ती उडी मारून ओलांडतो आणि डुक्कर खालून घुसतं.

मग काहींनी भलताच उपाय काढला. खांबावरून आकडा टाकायचा आणि 230 व्होल्टची लाइन सरळ तारेत सोडायची! हा प्रवाह अखंड वाहतो. स्नायू आखडतात, पकड सुटत नाही आणि जीव जातो. डुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी विदर्भात शेतकरी मेले, वाघही मेले. 'जय' या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीड भागात असाच गेला.

खरं झटक्याचं कुंपण वेगळं. त्याची गोष्ट 1930 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये सुरू होते. बिल गॅलाघर यांचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासायचा, म्हणून त्यांनी मोटारीलाच झटक्याची सोय केली, असं सांगतात. त्यातून कुंपणाचं यंत्र निघालं. सुरुवातीची यंत्रं तारेला गवत लागलं की मलूल पडत. 1962 मध्ये तिथल्याच डग फिलिप्स यांनी त्यावर तोड काढली.

आपल्याकडे याला 'झटका मशीन' म्हणतात. तारेत व्होल्टेज हजारोंत असतं, पण झटका सेकंदाला साधारण एकदाच आणि तोही क्षणाच्या बारीक तुकड्यापुरता. जनावर दचकतं, मागे सरतं आणि पुढच्या वेळी लांबूनच वळतं. मधल्या वेळात तार सोडून द्यायला अवधी मिळतो.

याला वीज किती लागते? समजा, मशीन 4 वॅट खातं. 24 तासांत झाले सुमारे 100 वॅट-तास. 40 वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला 160 च्या आसपास देतं. 12 व्होल्ट, 26 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 300 हून थोडे जास्त मावतात. म्हणजे ढगाळ दोन दिवस निघतात, बॅटरी पार रिकामी न करता.

पण खरी परीक्षा श्रावणातच. ऊन कमी, गवत तारेपर्यंत वाढलेलं आणि सोयाबीन भरात! म्हणून पॅनल थोडं मोठं घ्यावं आणि तारेखालचं गवत कापत राहावं. हरभऱ्याच्या दिवसांत अडचण उलटी. काळी माती सुकते, भेगाळते, अर्थिंग कमजोर होतं आणि झटका नुसता गुदगुल्या करतो. तेव्हा सळ्या खोल, एकाहून जास्त ठोकाव्यात आणि बुडाशी पाणी घालावं.

हे मशीन घरच्या लाइनवरही चालतं. पण शेतात वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या रात्री आठवत असतीलच. शिवाय शेतात तार ओढली की आकड्याचा मोहही येतो. पॅनलवाल्याला खांबाकडे पाहायची गरजच उरत नाही. सौर कुंपणाचा मोठा गुण मला इथं दिसतो. त्याच्याजवळ वीज थोडी असते, आणि जनावराला परतवायला थोडीच पुरते. मारायला लागते ती खांबावरची.

असो. या कुंपणाने जागली संपत नाही, दिवसा होते एवढंच. सकाळी तारेभोवती एक फेरी मारायची, फांदी पडली असेल तर काढायची, बॅटरी बघायची. रात्री मात्र घरी झोपता येतं. आणि सकाळी धुऱ्यावर कुणी मेलेलं सापडत नाही, ना जनावर, ना शेजारी.