वर्तनवाद आणि वेळासचे कासव-संरक्षण

मनात काय चालते यापेक्षा माणूस काय करतो आणि केल्यावर त्याच्या पदरी काय पडते, यावरून शिकण्याचा उलगडा करणारी मानसशास्त्रातील विचारसरणी म्हणजे वर्तनवाद. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये तिची भूमिका मांडली. त्याआधीच एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोगांतून परिणामाचा नियम काढला होता. बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी त्याचा विस्तार केला. अनुकूल परिणामाने कृती बळावते, ते प्रबलन. परिणाम मिळेनासा झाला की ती ओसरते, ते विलोपन. शिक्षेवर स्किनर यांचा भरवसा नव्हता. शिक्षेने कृती दबते, पण तिच्या जागी काय करावे हे कळत नाही, आणि शिक्षा करणारा नजरेआड होताच जुनी सवय परतते.

याचा पडताळा रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी येतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या इथल्या वाळूत रात्री खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. ही अंडी पळवली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा ठरतो. पण अंधाऱ्या किनाऱ्यावर पकडणार कोण? दंड लांबचा आणि बेभरवशाचा, अंडी मात्र त्याच रात्री हातात.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी शोधायला आणि अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, जेवतात. त्याचे पैसे त्या घरांना मिळतात. अंडी तीच राहिली, परिणाम पालटला. उबवणीला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि लांबलेले बक्षीस दुबळे असते, असे वर्तनवाद सांगतो. महोत्सवाने ही अडचण सोडवली : एका घरट्याची वाट पाहावी लागली, तरी हंगामभर पाहुणे येत राहतात.

मात्र हा हिशेब सगळे सांगत नाही. महोत्सवाच्या आधीची चार वर्षे पाहुणे नव्हते, तरीही माणसे रात्री वाळू तुडवत घरटी राखत होती. प्रस्तुत लेखकाच्या मते वेळासचे खरे मोल याच वर्षांत आहे, आणि ते प्रबलनाच्या भाषेत मावत नाही. प्रबलनाच्या हिशेबाची आणखी एक मर्यादा आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९६० च्या दशकात दाखवले, की दुसऱ्याला काय फळ मिळाले हे पाहूनही माणूस शिकतो; स्वतः चाखावे लागतेच असे नाही. असे पाहून शिकणे गावांच्या बाबतीतही घडू शकते : दापोली तालुक्यातील आंजर्ले येथेही कासवांची अंडी राखली जातात आणि महोत्सव भरतो.