गेटकीपर (मॅकओएस)

गेटकीपर ही ॲपल कंपनीच्या मॅकओएस या संचालन प्रणालीतील सुरक्षाव्यवस्था आहे. आंतरजालावरून उतरवलेले सॉफ्टवेअर प्रथम उघडताना त्याचा निर्माता कोण आणि स्वाक्षरीनंतर त्यात फेरफार झाला आहे काय, याची ती पडताळणी करते. घातक सॉफ्टवेअर रोखणे हा तिचा उद्देश असला, तरी एखाद्या कार्यालयाने किंवा प्रयोगशाळेने केवळ स्वतःच्या वापरासाठी तयार करून घेतलेले निरुपद्रवी सॉफ्टवेअरही तिच्यामुळे अनेकदा अडते.

इतिहास

ही व्यवस्था २०१२ मध्ये ओएस एक्स माउंटन लायन (१०.८) या आवृत्तीत प्रामुख्याने पुढे आली. तेव्हा वापरकर्त्याला तीन पर्याय होते: केवळ ॲप स्टोअरवरील सॉफ्टवेअर, ॲप स्टोअर व ओळख पटलेले निर्माते, किंवा कोठूनही आलेले सॉफ्टवेअर. २०१६ च्या सिएरा आवृत्तीत तिसरा पर्याय सेटिंग्जच्या खिडकीतून काढून टाकण्यात आला. २०१९ च्या कॅटालिनापासून ‘नोटरायझेशन’, म्हणजे सॉफ्टवेअर आधी ॲपलकडे पाठवून त्याची स्वयंचलित तपासणी करून घेणे, आवश्यक ठरले. २०२४ च्या सेक्वोयामध्ये कंट्रोल कळ दाबून सॉफ्टवेअर उघडण्याची जुनी पळवाटही बंद झाली.

कार्यपद्धती

न्याहाळक, ईमेल किंवा एअरड्रॉप यांच्याद्वारे आलेल्या संचिकेला प्रणाली ‘क्वारंटाइन’ नावाची अदृश्य खूण जोडते. झिप संचिका उलगडली, तरी आतल्या संचिकांवर ती खूण उतरते. गेटकीपरची पहिली तपासणी मुख्यतः या खुणेवर अवलंबून असते. त्यामुळेच प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर तयार झालेले सॉफ्टवेअर तेथे बिनतक्रार चालते. पण तेच ईमेलने सहकाऱ्याकडे गेले की अडते. दोष सॉफ्टवेअरमध्ये असल्याचा समज येथूनच होतो.

संस्थांतर्गत सॉफ्टवेअरची अडचण

सूचनेचे शब्द लक्षपूर्वक वाचणे येथे महत्त्वाचे ठरते. निर्मात्याची ओळख पटवता येत नाही, अशी सूचना आल्यास सॉफ्टवेअरवर मान्य अंकीय स्वाक्षरी नसते. ‘ॲप खराब झाले आहे, कचरापेटीत टाका’ ही सूचना अधिक गोंधळात टाकणारी आहे. पुष्कळदा संचिका तुटलेली नसते. स्वाक्षरीनंतर तिच्यातील एखादा घटक बदललेला असतो आणि स्वाक्षरी जुळत नाही. अशा वेळी मूळ निर्मात्याकडून नवी प्रत घेणेच योग्य.

स्रोताबद्दल खात्री असल्यास सॉफ्टवेअर एकदा उघडण्याचा प्रयत्न करून नंतर सिस्टम सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात जावे लागते. तेथे ‘ओपन एनीवे’ हे बटण दिसते. ते त्या प्रयत्नानंतर सुमारे एक तासच उपलब्ध असते, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. ही परवानगी त्या एका सॉफ्टवेअरपुरती असते; टर्मिनलमधील आज्ञेने संपूर्ण गेटकीपर बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, मात्र त्यामुळे पुढे येणाऱ्या प्रत्येक अनोळखी संचिकेलाही दार मोकळे होते.

संस्थेच्या नियंत्रणाखालील संगणकांवर व्यवस्थापकाने ही मुभा काढून घेतलेली असू शकते. तेव्हा सेटिंग्ज धुंडाळण्यात अर्थ नसतो. परवानगी संबंधित विभागाकडूनच मिळते. संस्थेसाठी टिकाऊ उपाय म्हणजे ॲपलचे ‘डेव्हलपर आयडी’ प्रमाणपत्र घेऊन सॉफ्टवेअरवर स्वाक्षरी व नोटरायझेशन करून घेणे. त्यासाठी लागणाऱ्या सदस्यत्वाचे शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. मोठ्या आस्थापनेला हा खर्च किरकोळ असतो; एखाद्या प्राध्यापकाने विभागापुरत्या लिहिलेल्या लहानशा आज्ञावलीसाठी मात्र तो जाचक वाटू शकतो. उपकरण व्यवस्थापन प्रणालीद्वारे (एमडीएम) थेट बसवलेल्या सॉफ्टवेअरला क्वारंटाइनची खूण लागत नाही, त्यामुळे अनेक संस्था तोच मार्ग पत्करतात.

मर्यादा व टीका

नाव द्वारपालाचे असले, तरी गेटकीपर मुख्यतः ओळखपत्रे पाहतो, येणाऱ्याचा हेतू नव्हे. २०२१ मध्ये त्यातील एका त्रुटीचा फायदा घेऊन ‘श्लेयर’ हे घातक सॉफ्टवेअर कोणतीही सूचना न येता चालत असल्याचे उघड झाले. ती त्रुटी मॅकओएस ११.३ मध्ये दुरुस्त करण्यात आली. त्याआधी, १२ नोव्हेंबर २०२० रोजी, प्रमाणपत्रे पडताळणारा ॲपलचा सर्व्हर मंदावल्याने जगभरातील अनेक मॅक संगणकांवर आधीपासून बसवलेले सॉफ्टवेअरही उघडेनासे झाले. वापरकर्ता कोणते सॉफ्टवेअर केव्हा उघडतो हे कंपनीला कळते काय, असा प्रश्न त्यानंतर विचारला गेला. या पडताळणीत आयपी पत्त्यांची नोंद ठेवणे थांबवल्याचे ॲपलने त्यावर जाहीर केले.