तू एसि

नातू कौनासला डॉक्टरी शिकायला गेला, म्हणून सत्तरी उलटल्यावर मी गिरगावात बसून लिथुआनियन वर्तमानकाळ गिरवू लागलो. पहिलंच क्रियापद 'असणे'. जुनी रूपं एस्मि, एसि, एस्ति. म्हणजे आपलं अस्मि, असि, अस्ति! आज एस्मिचं एसू झालंय, एस्तिच्या जागी ईरा आलंय. 'तू एसि' मात्र तसंच आहे, आणि त्यातला 'तू' म्हणजे आपला तूच. फ्रान्झ बॉपने १८३३ पासून आपल्या तौलनिक व्याकरणात संस्कृतच्या पंक्तीला ही भाषा बसवली.

तिची रोमन लिपीतली छपाई झारशाहीने १८६४ ते १९०४ बंद ठेवली होती. लोकांनी प्रशियात छापलेली पुस्तकं चोरून आणली, आयांनी घरी मुलांना वाचायला शिकवलं.

आपल्यावर बंदी कुणाचीच नव्हती. तरी मी शिकवत होतो त्या शाळेतल्या मराठी तुकड्या एकेक करून मिटल्या, आणि माझ्याच नातवाला मी मराठी वाचायला शिकवलं नाही.